कोपऱ्यातला घास

वात जराशी वर कर वं रुपा. अन् त्या पडद्याकडं अशी टकामका पाहू नको, माह्या तोंडाकडं पाह्य. त्याचा एकच कोपरा घडीघडी उसवून शिवलेला काहून दिसते, हेच इचारून राह्यली ना तू? सांगते. पन मधात हूं-हूं म्हनत जाय, नाईतर मले वाटते मी एकलीच बोलून राह्यली.

पहिलं मतदान झालं ना, त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मालेगावच्या बाजारातून मी निळ्या दोऱ्याची रीळ घेऊन आली. साधंच काम. तवा ही इथं निजलेली कमळी माह्या पोटात, दिवस भरत आलते. आमच्या घराच्या भिंतीची माती झडे, म्हनून पाळन्यामागं टांगाले माह्यी जाऊ गोजराबाई हा पडदा शिवून राह्यली होती. आतमधी जुन्या लुगड्याचे थर, अन् वरतून कातरून लावलेले बैल, मोर, पळसाची फुलं. गोजराबाई डावखुरी. आपले टाके उजवीकडं कलतात, तिचे डावीकडं. सासू म्हने, "हात उलटा, टाकेबी उलटे." पन असे बारीक टाके साऱ्या किन्हीराजात कोनाचे नव्हते, खोटं कायले बोलू!

मी रीळ तिच्या हाती देल्ली अन् मोराकडं पाह्यलं. तो मोर नथूच्या सदऱ्याचा होता.

नथू तिचा एकुलता एक. आदल्या भादव्यात तापानं गेला. वैद्यानं लंघन सांगितलं होतं, पान्याबिगर काई द्याचं नाई. पोरगं हात पसरे, "माय, घासभर भाकर दे ना वं." गोजराबाई टोपली पदराखाली झाकून बसे अन् रडे. तसाच गेला तो, उपाशी. अन् रुपा, काय गुनाचं लेकरू होतं! कितीक भूक लागो, आपल्या भाकरीतली अर्धी मायसाठी ठेवे. "हे तुयं," म्हने.

मेल्या लेकराचं कापड जित्त्या लेकराच्या उशाशी! मले भेव वाटे. पन तिले नाई कोन्या तोंडानं म्हनू? तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

आता आमच्या घरची रीत आइक. वाकळ असो का पडदा, शेवटचा कोपरा शिवाच्या आधी आत भाकरीचा घास ठेवतो आमी. शिवलेलं उपाशी ठेवू नये म्हनतात. गोजराबाईचा सारा पडदा झाला, पन तो कोपरा काई शिवे ना. मी म्हटलं, "बाई, घास ठेवा अन् मोकळ्या व्हा." तं तिनं सुई कापडात खोचली.

"ज्या हातानं त्याले नाई देल्ला, त्याच हातानं आता कापडाले देऊ?"

मी भाकरीची टोपली उचलून चुलीपाशी ठेवली.

आखजीच्या, अक्षय तीजच्या दिवशी घरचे सारे अनसिंगले लग्नाले गेले. मी पोटुशी म्हनून मागं राह्यली, अन् लग्नाचं नाव काढलं का गोजराबाई तोंड फिरवे, म्हनून ती बी. भर दुपार. ऊन असं, का अंगनात कुत्रं दिसे ना. पडदा भिंतीले टांगून पाह्यला होता, कोपरा उघडाच. मी खाली पदर टाकून लवंडली होती.

अन् मले वास आला. तव्यावरच्या भाकरीचा, ताज्या. मी चुलीकडं पाह्यलं. चूल सकाळचीच इझलेली होती.

वारा नव्हता. तरी तो कोपरा हालला. पहिले जराकसा. मंग उघडे… मिटे… उघडे… मिटे… पाखराच्या पिल्लावानी. पोटातली कमळी हालाची थांबली.

"बाई…"

"दिसून राह्यलं मले," गोजराबाई म्हने.

ती उठली. टोपलीतली भाकर घेतली, चतकोर मोडली. या येळी हात मागं आला नाई. घास आत ठेवला अन् तिथंच उभ्यानं कोपरा शिवाले लागली. "खाय रे बाबू… खाय… आता कोनी नाई म्हनत नाई…"

शेवटची गाठ मारली, अन् आतून आवाज आला. कुरुम… कुरुम… हळू, जसं लेकरू लपून खाते. आमी दोघी एकमेकीचा हात धरून उभ्या. मंग आवाज बंद झाला.

तिनं दातानं दोरा तोडला, कोपरा उसवला. आत अर्धाच तुकडा होता. उंदीर म्हनावं तं शिवन कुठं कुरतडलेली नव्हती.

गोजराबाईनं तो तुकडा तळहातावर घेतला. "हे माह्यं," म्हने, अन् असं रडली माय, असं रडली, का मले भेव वाटाचं इसरून गेलं. त्या रात्री ती पोटभर जेवली अन् सकाळपर्यंत झोपली. भादव्यापासून पहिल्यानंच.

कमळी त्याच पडद्याखाली वाढली. हे पाह्य कशी पसरली! तिले कधी साधी सर्दी नाई झाली. अन् दर आखजीले गोजराबाई कोपरा उसवे, घास ठेवे, शिवे. दिवेलागनीले अर्धा तुकडा काढून खाये.

गेल्या पौषात ती गेली, तुले ठावकी हायेच. जाता जाता मले म्हने, "प्रयाग, त्याले उपाशी ठेवजो नको."

मंग आज आखजी. सकाळी मीच घास ठेवला, माह्या हातानं शिवला. अन् मघाशी, तू घरी आली त्याच्या आधी, कोपरा चाचपला. सपाट लागला. अर्धा बी तुकडा नाई, चुराबी नाई. मले रडू आलं, पन बरंबी वाटलं. म्हटलं, आता तो अर्धा कायले ठेवीन? जिच्यासाठी ठेवे, ती त्याच्यापाशीच गेली ना.

मंग उसवाले म्हनून मी दिवा जवळ नेला.

आन इकडं ती चिमनी. भेऊ नको, मी हाये ना. माह्ये टाके उजवीकडं कलतात, सकाळी तसेच घातले होते. हा कोपरा पाह्य. हे सारे डावीकडं कलले हायेत.