सातशे मीटर पाणी

बोट चालते हे बुधरीबाईला डोळ्यांनी दिसत होतं. पण गावाला पूल दिला नाही म्हणून बोट दिली, आणि बोट दिली म्हणून तिचा वेग मोजायला सरकारकडून प्रफुल आला. कागद झाल्याशिवाय माणूस बसवायचा नाही, असा वरचा हुकूम. हुकूम काढणाऱ्यांच्या बायका काही वैनगंगेच्या काठावर बाळंत होत नाहीत.

प्रफुलजवळ दोन यंत्रं होती. एक उपग्रहावरून काठाच्या हिशेबानं वेग सांगे, दुसरं बोटीखालच्या चक्रावरून पाण्याच्या हिशेबानं. नावाडी लोकेशचं तिसरंच. पळसाचा द्रोण बोटीच्या नाकाशी सोडायचा आणि शेपटीशी येईस्तोवर आकडे मोजायचे.

"साहेब, माह्या द्रोणाले चार्जिंग नाई लागत," तो हसायचा.

दोन दिवस आकडे जुळले नाहीत. जुळणारच नव्हते. धार बोटीला ढकलते, मग काठाचा वेग वेगळा, पाण्याचा वेगळा. प्रफुलनं तसंच लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बुधरीबाईनं कळा सुरू झालेल्या पोरीला, दुर्गाला, खाटेवर उचलून आणलं.

"आता कागद कायले पायजे, भाऊ? पोरगी मरून राह्यली!"

प्रफुलनं हुकूम खड्ड्यात घातला. खाटेसकट दुर्गा बोटीत आली, तिची माय उशाशी बसली. समोरच्या काठावर दवाखान्याची पांढरी गाडी उभी. सातशे मीटर. तीन मिनिटं.

मधल्या धारेत त्यानं सवयीनं यंत्रं पाहिली. ताशी चौदा किलोमीटर. दुसरंही चौदा. लोकेशनं द्रोण सोडला, मोजलं, पुन्हा सोडून मोजलं.

"किती?"

"चौदाच."

तिन्ही एक. म्हणजे नदी थांबली होती. पण काटक्या तर धारेबरोबर खाली वाहत होत्या.

दहा मिनिटं झाली. इंजिनाला वास सुटला. गाडी तेवढीच लांब, तिच्याजवळ हात हलवणारा ड्रायव्हर कय्यूम तेवढाच लहान. मागं गावचा काठ मात्र दिसेनासा झालेला.

दुर्गानं प्रफुलचं मनगट धरलं. "आला का काठ, भाऊ?"

"आलाच."

यंत्रं बरोबर होती. गणित बरोबर होतं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

फोन वाजला. कय्यूम.

"प्रफुलभाऊ, बाईले ठेवलं गाडीत. तिची माय बसली, लोकेश बसला. तुमीच काऊन काठावर पाण्याकडं पाहत उभे राह्यले? जल्दी बसा नं!"

समोर गाडीचं दार लागलं.

फोनमध्ये दुर्गाच्याच आवाजात बाई ओरडली. मग बाळ रडलं.



"भाऊ," दुर्गा हळूच म्हणाली, "कळा थांबल्या."

वारा आला. तिच्या अंगावरची चादर गळ्यापासून पायापर्यंत सपाट बसली, रिकाम्या खाटेवर बसते तशी.

मनगटावरची पकड तशीच होती.