रेनेटची बाटली

"ह्यात बॉम्ब-बिम्ब तर न्हाई ना?" कुरियरच्या काउंटरमागून तो म्हणाला आणि माझं पार्सल कानाशी धरून हलवू लागला.

आत होता नुसता दुधाचा थर्मामीटर. पण मी हसले नाही... अनोळखी माणसाने थट्टा केली की मला आधी घाबरायला होतं. ते त्याला कळलं असावं. त्याने हलवणं थांबवलं आणि खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं. घेताना बोटाला बोट लागलं – एवढंच.

घरी चीज करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. अंबाजोगाईतला एक पिझ्झावाला म्हणाला होता, जमलं तर रोज घेतो. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळालं, खडे मीठ मोंढ्यात, मलमल कापडवाल्याकडे. पिशवीतलं दूध नीट थिजत नाही. कच्चं दूध आमच्या युसूफ वडगावात विमलबाई द्यायच्या. अंबाजोगाईतलं हे कुरियर त्यांच्याच मुलाचं, सोमेश्वरचं, हे मला दुसऱ्या पार्सलला कळलं. त्यांचं घर गावातलं मोठं, जमीनदाराचं. आमचं बौद्ध वस्तीतलं. इथे जास्त थांबायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं, आणि मग साचा, झारा, चाळणी, एकेक वस्तू वेगवेगळी मागवत राहिले.

"समदं एकदम मागवलं तर सस्तं पडंल," तो एकदा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता – "पण नका मागवू."

त्या दिवशी मी घरापर्यंत हसत गेले.

आता रेनेट तेवढं राहिलं होतं, दूध थिजवायचं औषध. ते आलं त्या दुपारी त्याच्या भावकीतला मुंजाजी तिथे बसला होता. माझं खोकं त्याच्या हातात होतं आणि रेनेट म्हणजे काय ते तो फोनवर शोधत होता.

"हे वासराच्या पोटातून काढत्यात बे," तो सोमेश्वरला म्हणाला. मग खोक्यावरचं माझं नाव त्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने. आणि माझ्याकडे बघितलं.

खोक्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. बुरशीपासून केलेलं रेनेट मी मुद्दाम शोधून मागवलं होतं. सांगायला तोंड उघडलं... आवाजच फुटेना. असलं नाव वाचून झाल्यावर ठिपका कोण बघणार? दूध तर बंद होईलच, पण हे गावात पोचलं की आमच्या दारात किती माणसं येतील, बाबा एकटे काय करतील, तेवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

"ते माझं हाय," सोमेश्वर म्हणाला. "घरी कळू नये म्हणून ह्यांच्या नावावर मागवलं."

"तुला कशाला लागतंय हे?"

"खायाला."

मुंजाजीने खोकं लांबूनच काउंटरवर सरकवलं आणि फोन कानाला लावत बाहेर गेला. फोन सोमेश्वरच्या वडिलांना, विठ्ठलरावांना होता हे आम्हा दोघांनाही कळलं.

मी ठिपका दाखवला, सगळं सांगितलं. तो बघतच राहिला.

"मंग मगाशी कावून न्हाई बोलली?"

"भ्याले. तुमाला खरंच वाटलं, वासराचं हाय?"

"हो."

"तरी माझं हाय म्हणालात?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तू मागवलं म्हणल्यावर... माझंच की."

मला रडू फुटलं. त्याने घाईने शटर ओढलं. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, आधी आईला गाठायला पाहिजे, म्हणाला. मीही येते म्हटलं.

"आई इचारंल, बाटली कुणाची?"

"माझी सांगा. ठिपका मी दाखवते."

"आन् तू... कुणाची?"

खोकं पोटाशी धरून त्याच्या गाडीवर मागे बसले. भीती काही गेली नव्हती; उलट आता ती त्याच्यासाठीही वाटत होती. गावाच्या फाट्यावर त्याने गाडी हळू केली. इथे उतरून चालत गेले असते, तर आम्हाला एकत्र कुणी बघितलं नसतं. पुढे हॉटेलाच्या बाकड्यावर माणसं बसली होती, आमच्याकडेच बघत होती.

मी त्याचा शर्ट घट्ट धरला.

"थांबू नको," मी म्हणाले.