बंद ठेवलेला ट्रॅक

“तुझा ठोका माझ्या सुरांत शिरतोय.”

दारात एक उंच तरुण, गळ्यात हेडफोन. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या त्या जुन्या गोदामात दोघांचे स्टुडिओ भिंतीला भिंत लागून होते, पण फेनाने त्याला आज प्रथमच पाहिलं.

“मग तुझे सूर हलव,” ती म्हणाली. “हा टेक्नो आहे. हा हलत नाही.”

“हलवून पाहिले... पण तुझ्या ठोक्यावरच ते जास्त छान लागतात. तीच तर पंचाईत आहे.”

हा योरित. तिच्यासारखं टेक्नो नव्हे, तो ट्रान्स संगीत करायचा. लांबलचक सुरावटी, ऐकणाऱ्याला डोळे मिटून हात वर करायला लावणाऱ्या. फेना त्या संगीताला ‘साखरेचा पाक’ म्हणायची. तरी ती हसली, आणि बाईसाहेबांचं तिथेच चुकलं.

दोघांनी मिळून एक गाणं करायचं ठरलं. तिचे मिनिटाला एकशे बत्तीस ठोके, त्याचे एकशे अडतीस. घासाघीस होऊन एकशे पस्तीसवर तह झाला.

“मधे ठोका थांबवू या ना, थोडा वेळ,” खारट काळ्या गोळ्यांची पुडी तिच्यापुढे धरत तो म्हणायचा.

“ठोका थांबला की लोक घरी जातात.”

“नाही गं... वाट बघतात.”

तो असं काही बोलला की फेनाला उगाचच वायरी गुंडाळाव्याशा वाटायच्या.

एका बाबतीत मात्र ती अडून बसली होती. योरित दर वेळी आपली फाइल उघडी पाठवायचा, प्रत्येक वाद्य सुटं. त्यांच्या धंद्यात हे म्हणजे घराची किल्ली देणं. फेना फक्त सगळं एकत्र केलेला, तयार आवाज द्यायची. दोन वर्षांपूर्वी तिने तेव्हाच्या प्रियकराला, रूर्दला, अशी किल्ली दिली होती. दोघांचं गाणं एकट्या रूर्दच्या नावाने बाहेर आलं, आणि पाठोपाठ रूर्दही तिला सोडून गेला. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकूनच. योरितने तिची उघडी फाइल कधी मागितली नाही. तेच तिला जास्त लागायचं.

गुरुवारी दुपारी त्याची शेवटची फाइल आली. अगदी तळाशी एक ट्रॅक, आवाज बंद करून ठेवलेला, नाव ‘पुसायचा’. तिने सहज चालू केला. योरित सुरावट गुणगुणत होता, चांगलीच बेसूर. मग खुर्ची करकरली आणि तो स्वतःशीच पुटपुटला, “हे सगळं तिच्यासाठीच आहे... पण सांगितलं तर ती दारच लावून घेईल. राहू दे.”

फेनाने ते तीनदा ऐकलं. मग आपली हार्ड डिस्क उचलून ती शेजारी गेली.

“बंद केलेला ट्रॅक पुसला जात नाही, येड्या. फाइलबरोबर येतो.”

योरितचे कान लाल झाले. “तू... ऐकलंस?”

“किती बेसूर गातोस.”

“आणि... बाकीचं?”

“बाकीचंही.” तिने डिस्क त्याच्या हातात ठेवली. “ह्यात माझं सगळं आहे. सुटं सुटं.”

“फेना, द्यायलाच पाहिजे असं नाही. मी काही ह्यासाठी—”

“माहीत आहे. म्हणून तर देतेय. मला तू आवडतोस, योरित. आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम.”

त्याने दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली.

“मग मी एकटा नाही उघडणार. बस इथे.”

ती बसली. त्याचा हात माउसवर होता. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि आपली फाइल उघडली.