लंकाबाईंच्या गळ्यातला राजा

आधी पेरूचा वास आला, मग माणूस आला.

नगरच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात जुन्या नाण्यांची यादी करायला वर्षभरासाठी घेतलेली प्रज्ञा तेव्हा टेबलावर हनुवटी टेकून बसली होती. बाई जेमतेम पस्तिशीची, पण त्या सोमवारी पन्नाशीची दिसत होती म्हणाना! नोकरी शुक्रवारी संपत होती. पुढे काय, हे विचारणाऱ्यांना उत्तरं देऊन देऊन ती पार दमून गेली होती.

"मॅडम, ह्यो राजा कोन हाय, सांगता का?"

पुणतांब्याचा भीमराज. पेरूचा टेम्पो बाजारात रिकामा केला आणि बाहेरची पाटी वाचून सहज आत शिरला. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. काळ्या दोऱ्यात ओवलेलं चांदीचं नाणं, त्यावर सरळ नाकाचा एक पुरुष, कडेने झिजलेली रोमन अक्षरं. फोटो इतका अंधुक, की अक्षरं आहेत एवढंच कळत होतं.

"आमची आजी, लंकाबाई. सत्तर वर्सं गळ्यात घालती. आता नातसुनेला द्यायचं म्हनती, पर आधी ह्याचं नाव कळलं पायजे. बिननावाचा पुरुष पोरीच्या गळ्यात कसा बांधू, म्हनती."

प्रज्ञाला हसू फुटलं. किती दिवसांनी... तिचं तिलाच नवल वाटलं.

"नाणं घेऊन या. शुक्रवारीच या हं—नंतर मी नसेन."

येणाऱ्या प्रत्येकाला ती एक गोष्ट न चुकता बजावायची: नाणं घासू नका. त्या दिवशी दमलेल्या डोक्यातून नेमकं तेच निसटलं.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पेरूची पिशवी घेऊन आला. रुमालाची घडी उलगडली आणि नाणं लखलखलं.

"घासलंत?" प्रज्ञा ओरडलीच.

"चिंच आन् इटकरीचा चुरा... मीच घासलं सकाळी. तुमच्याम्होरं मळकं कसं आनायचं?"

अक्षरं गेली होती. राजाचं नाकही अर्धं गेलं होतं. सत्तर वर्षं टिकलेलं ह्या गृहस्थाने एका सकाळीत साफ करून टाकलं होतं! तिला संताप आला. मग त्याचा पडलेला चेहरा पाहून स्वतःचाच राग आला.

"चूक माझी आहे. सांगायचं राहिलं. मी फार दमलेय हो..."

एक पेरू शर्टाला पुसून त्याने तिच्यापुढे ठेवला.

तिने नाणं उलटं केलं. मागे काळपट लाख भरलेली होती, अंगाला टोचू नये म्हणून कधीकाळी सोनाराने भरलेली. प्रज्ञा ताठ बसली.

"ही काढू? पुन्हा भरून घेता येईल."

"काडा. तुमी काडताय ना, मग काडा."

स्पिरिटचे थेंब टाकत ती बांबूच्या काडीने लाख खरवडू लागली. वेळ लागणार होता.

"नातसून कुठली?" तिने मान वर न करता विचारलं. काडी मात्र जरा जास्तच जपून फिरत होती.

"ठरली न्हाई अजून. बगायला गेलं की समदी इचारत्यात, पुडं काय करनार, कवा करनार... लई दमायला हुतं."

"मलाही," ती म्हणाली.

लाख सुटली. खाली खुर्चीवर बसलेली एक बाई होती. एका हातात डहाळी, दुसऱ्यात राजदंड, आणि भोवती कोरी करकरीत अक्षरं.

"तिबेरियस!" प्रज्ञा पुटपुटली. "रोमचा सम्राट. दोन हजार वर्षांपूर्वीचा. ही बाई त्याच्या नाण्यामागे अशीच बसते. ह्याचा चेहरा गेला, पण हिच्यामुळे सापडला बघा."

भीमराज नाण्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता.

"मला न्हाई घेता यायचं असलं नाव. आजीला तुमीच सांगता का... येऊन?"

"आणि त्यांनी मलाच विचारलं, पुढे काय करणार, तर?"

"कोनी काय इचारनार न्हाई. तुमी नुस्तं ओट्यावर बसा." तो अडखळला. कान लाल झाले. "कायमचं बसला... तरी मला लई आवडंल."

प्रज्ञाने खोलीला कुलूप लावलं, किल्ली पहारेकऱ्याकडे दिली. नाणं तिच्याच मुठीत राहिलं होतं. त्याने ते पाहिलं, पण परत मागितलं नाही.

पेरूचा चावा घेत ती टेम्पोत चढली.

"हळू चालवा," ती म्हणाली. "मला वाटेत झोप लागेल."