नखाची कसोटी

ताईच्या घराची भिंत रोज खरवडावी लागते, हे मला तिथे राहायला गेल्यावरच कळलं. फोनवर ती नुसतं "थोडी ओल आहे रे" एवढंच म्हणायची. पहिल्या सकाळी जाग आली ती खर्र खर्र अशा आवाजाने. ताई पत्र्याच्या तुकड्याने स्वयंपाकघराची भिंत खालून वर खरवडत होती आणि पांढरी भुकटी खाली अंथरलेल्या रद्दीवर पडत होती. कान दिला तर शेजारच्या घरातूनही तोच आवाज, त्याच्या पलीकडूनही तोच. अख्खी वसाहत तोंड धुवायच्या आधी भिंतीला लागलेली. भुकटी दाराबाहेरच्या बादलीत भरायची, मग खाणीचा ट्रॅक्टर येऊन ती पुन्हा वर बांधावर नेऊन ओतायचा. म्हणजे जिथून आली तिथेच. ह्या उद्योगाचं मला हसूच आलं.

बांध पाण्याचा नव्हे. खाणीत दगड पिठासारखा दळतात, त्यातलं तांबं काढून घेतात आणि उरलेला राखाडी गाळ पाण्यासकट पाइपातून एका खोलगट जागेत सोडतात. तो वाहून जाऊ नये म्हणून पुढे मातीचा बांध, आणि बांधाच्या अगदी पायथ्याशी ही वसाहत. गाळात गंधक असतं. त्याला हवा-पाणी मिळालं की आम्ल तयार होतं, खालच्या ओढ्याला गंजक्या पत्र्याचा रंग येतो, आणि पाणी जमिनीतून भिंतीत चढून वाळलं की मागे क्षार उरतो. हे सगळं मी वर्गात शिकवलेलं आहे. भिंतीवरचा हा क्षार नेमका कोणता, ते ओळखून अहवाल द्यायला मला पाठवलं होतं. साधं जिप्सम निघालं तर वसाहत आहे तिथेच राहणार. आर्सेनिक असलेलं काही निघालं तर सगळ्यांना हलवणं भाग होतं.

मला काय निघायला हवं होतं ते लपवत नाही. आई गेल्यावर ताईने मला लहानाचं मोठं केलं. माझ्या परीक्षांच्या वेळी ती माझ्यासोबत जागली आणि पुढे लग्न करून ह्या राखाडी पायथ्याशी येऊन बसली. मला तिची काळजी वाटायची आणि तितकाच रागही यायचा. दर वेळी मी म्हणायचो, चल माझ्याकडे. दर वेळी तिचं एकच पालुपद, "ह्यांना जरा बरं वाटलं की निघू."

'हे' म्हणजे आमचे भाऊजी. खाणीत गाळाच्या पंपावर त्यांची नोकरी झाली. आता ते पुढच्या खोलीत खिडकीपाशी, खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून बसलेले असायचे. मी आलो तेव्हा नमस्कार केला, उत्तर आलं नाही. "डोळा लागलाय," ताई म्हणाली. भाऊजी मुळातच घुमे. स्वतःच्या लग्नातही ते फोटोवाल्याशी काय बोलले असतील तेवढंच. त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिल्याच दिवशी भिंतीवरचा एक स्फटिक काढला आणि नखाने ओरखडला. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात स्वस्त उपकरण. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा काढते, उलटं कधी होत नाही. जिप्सम नखापेक्षा मऊ. ओरखडा स्वच्छ उठला आणि मी खट्टू झालो. पण एका नमुन्यावर कोण विसंबतं? दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला नमुना घेतला, ओरखडा अगदी पुसट. त्यानंतरच्या नमुन्यांवर तर उठेचना. म्हणजे हे जिप्सम नव्हतं! काहीतरी वेगळं होतं, जास्त कठीण. मी नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि मुक्काम वाढवला.

दाराच्या चौकटीचा नमुना घेताना एक गंमत दिसली. भिंगातून लाकडाच्या रेघा, गाठी, सगळं जागच्या जागी होतं, फक्त लाकूड नव्हतं. कणाकणाने लाकूड गेलं होतं आणि त्याच्या जागी स्फटिक येऊन बसला होता. निसर्गात असं होतं. त्याला शतकं लागतात, इतकंच. मी ताईला उत्साहाने सांगितलं, "आकार तोच, माल बदललेला."

"म्हणजे पाटी जुनी, दुकान नवं," ती म्हणाली आणि दोघंही हसलो.

"चौकट कधी बसवलीस?"

"गेल्या वर्षी. का रे?"

मी चौकटीवरून नजर वर नेली. कोपऱ्यात वर एक पाल होती. मी आल्यापासून ती हलली नव्हती. स्टुलावर चढून भिंग लावलं. बोटं, डोळ्याची कड, शेपटीचं टोक, सगळं शाबूत आणि सगळं पांढऱ्या बारीक स्फटिकांचं.

"तिला सोडून खरवडते मी," खालून ताई म्हणाली. "राहू दे बिचारीला."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढे मात्र लागायला लागली, फार गाढ. सकाळी उठताना सांधे आखडलेले असायचे. ओलीचं घर, मी म्हणायचो. दार फुगल्यासारखं घट्ट बसायचं, खांदा लावून ढकलावं लागायचं, म्हणून मी बाहेर जाणं कमी केलं. भूक लागत नव्हती. ताईही पानं घ्यायची विसरायला लागली आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत भाऊजींची पाठ. त्यांच्या खांद्यापलीकडे राखाडी बांध दिसायचा, आणि रोज बघताना तो आणखी जवळ आल्यासारखा वाटायचा. तसं काही नसणार. मोजून बघायला मी गेलो नाही.

मग प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला.

"सर, सगळं जिप्समच आहे. शुद्ध, साधं. आर्सेनिकचा पत्ता नाही."

"शक्य नाही. नखाने ओरखडा उठत नाहीये."

"मशीन दोनदा लावलंय, सर." त्या हसल्या. "तुमचं नखच बदलून बघा."

मीही हसलो आणि फोन ठेवला. मग माझं हसू आपोआप थांबलं.

इतके दिवस मी स्फटिक तपासत होतो. नख तपासायचं कोणाच्या डोक्यात येतं? ते तर माप होतं.

टेबलावरचा स्फटिक उचलला आणि अंगठ्याच्या नखावरून ओढला. नखावर पांढरी रेघ उमटली. चाकूचं टोक लावलं. भुकटी पडली. रक्त नाही, दुखणं नाही. भिंग लावलं. नखाच्या उभ्या रेघा होत्या, तळचा अर्धचंद्र होता.

नख नव्हतं.

"ताई," मी हाक मारली. आवाज घशात कुठेतरी घासत आला.

ती पत्रा हातात घेऊन दारात आली. मी अंगठा पुढे केला. तिने नुसतं बघितलं.

"अरे, होतं तसं," ती म्हणाली. "म्हणून तर रोज खरवडते. आधी भिंत, मग ह्यांना. हल्ली तुलाही. तू झोपेत असतोस, तुला कळत नाही."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत कातडी घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"आत्ताच्या आत्ता निघायचं," मी म्हणालो. खाणीच्या जीपच्या ड्रायव्हरला फोन केला. दुपारी येतो म्हणाला.

"आणि हे?"

मी भाऊजींपाशी गेलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. डोळे उघडे होते. पापण्यांचे केस एकेक मोजता आले असते. काखेत हात घालून त्यांना उचलायला गेलो तर खुर्ची सोबत उचलली जाऊ लागली. माणूस कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते ते मी बोटाने शोधलं. सापडलं नाही.

"ताई, भाऊजी येणार नाहीत."

"मग मी कशी येऊ?"

"तू चल. मी तुला इथे सोडून जाणार नाही."

"तू जा ना रे. तुला पाय आहेत अजून."

"तुला घेतल्याशिवाय नाही," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. लहानपणी रस्ता ओलांडताना ती असाच हात पुढे करायची आणि मी तो धरेपर्यंत पाऊल टाकायची नाही. तिचे डोळे भरून आले असावेत असं मला वाटलं. पाणी मात्र आलं नाही.

"जरा टेकते," ती म्हणाली. "मग निघू."

ती भाऊजींच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली. पत्रा मांडीवर ठेवला.

मी हात पुढे करून थांबलो.

बाहेर जीप आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. चल ताई, मी म्हणालो. म्हणालो असेन. ती उठली नाही.

दाराला खांदा लागल्याचा आवाज झाला आणि ड्रायव्हर आत आला. डोक्यावर खाणीचं पिवळं हेल्मेट, घामाने डबडबलेला. त्याने खोलीभर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. मी हाक मारली.

त्याने फोन काढला.

"सर दिसत नाहीत हो. ताईपण नाहीत... नाही, दार उघडलं मी. आत कोणी नाही, नुसतं सामान आहे." जरा ऐकून घेतलं. "बरं. थांबतो मग."

त्याने हेल्मेट काढलं, ठेवायला जागा शोधली आणि माझ्या पुढे केलेल्या हातावर ते अडकवलं. मग उंबऱ्यावर जाऊन पाठमोरा बसला.

हेल्मेटच्या कडेवरून घामाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला, मग आणखी एक, त्याच जागी. थेंब पडत होते तिथे हळूहळू एक बारीक खळगा तयार झाला.

दुखलं मात्र नाही.