जागेवरच धावणारी गाडी

"ब्रेक दाब, कमळे! ब्रेक!" लालसू मागच्या कॅरिअरवरून ओरडला.

"दाबूनच राह्यली! लागून नाई राह्यला!"

सायकल तळ्याच्या पाळीवरून सुसाट खाली सुटली. खाली गिरणीवाल्या मुखरूभाऊंच्या म्हशी चिखलात डुंबत होत्या. एका म्हशीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. थपाक्! सायकल, कमळा आणि लालसू, तिघंही चिखलात!

काठावर मुखरूभाऊंचा बुधू पोट धरून हसत होता. "आता चार म्हशी झाल्या आमच्या!"

कमळा उठली. अंगावरचा चिखल सोडून तिने आधी सायकल पुसली. ती तिच्या आईची सायकल होती. आई नर्सबाई होती, सायकलवरून पाच गावं फिरायची. मागच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. तेव्हापासून सायकल कमळाकडे आली आणि बाबांचं बोलणं कमी झालं.

"आठ दिवसांनी सायकल काढली, तर वायरच नाई!" कमळा म्हणाली. "मागच्या ब्रेकची अख्खी वायर काढून नेली कोणीतरी!"

पुढचा ब्रेक आईच्या वेळेपासूनच झिजला होता. कोसमटोल्यातल्या बाकी सगळ्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक. वायरचा ब्रेक असलेली गावात ही एकच. वायर दांडीवर आपटून खडखड वाजू नये म्हणून आईने तिच्यावर हिरवी फीत घट्ट गुंडाळली होती. ती फीतही वायरीबरोबर गेली होती.

"सायकल ठेवून वायर नेते, असा कोणता चोर असते बे?" बुधू म्हणाला.

"येडा चोर," लालसू म्हणाला.

"येडा नाई," कमळा दात खात म्हणाली. "त्याले वायरच पाहिजे होती. पण कायले?"

चिखलाने माखलेली वरात गावात शिरली, तर सोसायटीच्या ओसरीवर गर्दी! जंगल कामगारांची ती सोसायटी. मजूर, दोरखंड आणि कुऱ्हाडी जंगलात न्यायला सोसायटीची एक पिकअप गाडी होती आणि कमळाचे बाबा, सोमाजी, तिचे ड्रायव्हर. ते मान खाली घालून उभे होते. समोर मॅनेजर बापूराव. सफारीच्या खिशात तीन पेनं, आणि एकातही शाई नाही, असा हा माणूस.

"श्रीहरीभाऊ, तुम्ही अध्यक्ष आहा. तुम्हीच पाहा!" बापूराव हात नाचवत म्हणाले. "शनिवारपासून गाडी उभी आहे म्हणते हा. मग मीटर कसं पळालं? गाडी काय हवेत उडाली? यानं चोरून दुसऱ्याची भाडी मारली!"

"चावी तर रोज तुमच्याच हातात देतो, साहेब," सोमाजी म्हणाले.

"दुसरी बनवली असशील! बायको मेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाई, साऱ्या गावाले माहीत आहे!"

कमळाने एकेका मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी सुपारी कातरत होतं, कोणी छताकडे पाहत होतं. तिच्या आईने यांच्या घरोघरी जाऊन पोरांना सुया टोचल्या होत्या, बायकांची बाळंतपणं केली होती. पण 'असं बोलू नका' एवढं म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. मिशा मात्र सगळ्यांना होत्या!

"उद्या बाजार आहे. परवा बैठक घेऊ," श्रीहरीभाऊ खाकरले. "सोमाजी, तेव्हा काही सांगता नाई आलं, तर दुसरा ड्रायव्हर पाहावा लागंल."

बापूरावांनी पानाचा डबा काढायला टेबलाचा खण ओढला. खणाला मूठ नव्हती. जिथे मूठ असते तिथल्या भोकातून सुतळीचा फास लोंबत होता.

"पाहिलं का?" कमळा कुजबुजली.

"काय, पान?" बुधूने विचारलं.

"तुले खायचंच दिसते!"

मग तिघं सोसायटीच्या फाटकाशी गेले. लालसू माडिया गोंडाचा पोरगा, एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतून सुट्टीत मामाकडे आलेला. तो खाली वाकला आणि लगेच उठला.

"गाडी बाहेर गेलीच नाई. मोहाची एवढी पानं पडली फाटकात, एक तरी चिरडली आहे का?"

"म्हणजे गाडी आतच होती अन् मीटर पळालं?" बुधू म्हणाला. "मीटरले काय पाय फुटले?"

दुसऱ्या दिवशी गाव बैलगाड्या जुंपून मूलच्या बाजाराला गेलं. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण कोसमटोल्याच्या बैलांना मूलचाच रस्ता पाठ होता. बाबाही बळेबळेच गेले. मुलं आंब्याखाली कैऱ्या खात बसली. ऊन असं की कुत्रीसुद्धा दिसेनात.

ओट्यावरच्या ठमाबाई म्हणाल्या, "काय मुखरू आहे! बाजाराच्या दिवशीही गिरणी चालवून राह्यला."

खरंच, दुरून इंजिनाची घरघर येत होती. बुधू ताडकन उठला.

"गिरणी? बा तर बाजारात गेला! कुलूप मीच लावलं!"

"अन् हा आवाज गिरणीचा नाईच," लालसूने कान टवकारले. "गिरणी टुकटुक करते. हे एकसारखं घूं करून राह्यलं."

तिघं आवाजाच्या मागे पळाले. सोसायटीच्या आवारात, पार मागे, वाळवी लागलेला बाद माल ठेवायचं गोदाम होतं. तिकडे कोणी फिरकत नसे. सागाची लाकडं बाद झाली म्हणून मॅनेजरने सांगावं आणि अध्यक्षांनी मान हलवावी, एवढाच तिथला कारभार. कमळाने बांबूच्या तट्ट्याच्या फटीला डोळा लावला.

आत पिकअप उभी होती. तिचं मागचं एक चाक ठोकळ्यांवर उचललेलं होतं आणि बाकीच्या चाकांना दगड लावले होते. उचललेल्या चाकावरून एक रुंद पट्टा गोल आऱ्यावर गेला होता. चाक गरगर फिरत होतं, आरा फिरत होता. बापूराव आणि त्यांचा भाचा कोलू सागाचा ओंडका पुढे ढकलत होते. बाद माल म्हणे! पिवळ्याधमक फळ्या निघत होत्या!

"गाडीत तर कोणी नाई!" बुधू पुटपुटला. "मग रेस कोण देऊन राह्यलं?"

ड्रायव्हरच्या पोरीने फटीतूनच गाडीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. मीटरखाली एक नवीनच वायर आली होती. तिच्या टोकाला गोल लाकडी मूठ होती आणि मूठ ओढून खाचांच्या पट्टीत अडकवली होती.

"हातरेस बसवली यानं!" ती म्हणाली. "पायानं दाबायची ती रेस हातानं ओढून ठेवायची. मग गाडीत माणूस नसला तरी इंजिन पळते. चाक फिरते म्हणून मीटरही पळते! अन् मूठ पाहा, टेबलाच्या खणाची!"

"एवढा मोठा चोर, अन् एक मूठ विकत घेता नाई आली!" बुधूने नाक मुरडलं.

कमळाची नजर मुठीवरून वायरीकडे सरकली. वायरीवर हिरवी फीत होती. काढून फेकायचे कष्टसुद्धा त्या माणसाने घेतले नव्हते.

"चला, सांगू सगळ्याइले!" लालसू म्हणाला.

"ते येईपर्यंत हा सारं आवरून पान खात बसंल. बुधू, तू बाजाराच्या वाटेवर पळ. बैलगाड्या पाळीवर आल्या की तुझ्या बाले सांग, गिरणी चालून राह्यली. अन् शिट्टी मार!"

तळ्याची पाळ गोदामाला अगदी लागून होती. दिवस कलला. फळ्या वाढत चालल्या होत्या. आणि एकदाची शिट्टी आली! नेमके तेव्हा मामा-भाचे आऱ्यापासून दूर, भिंतीशी फळ्या रचत होते. कमळा वाकून गोदामात शिरली आणि गाडीत चढली. तिने मूठ शेवटच्या खाचेपर्यंत ओढली, वायरीला पीळ देऊन पट्टीत पक्की अडकवली, मूठ फिरवून काढली आणि दाराबाहेर उडी मारली.

इंजिन असं डरकाळलं, की छपरावरची कवेलू थरथरली! पट्टा सटकून धप्पकन खाली पडला. चाक हवेत भिरभिरायला लागलं.

"मामा, गाडी फुटते!" कोलू किंचाळला आणि मागच्या दाराने जंगलात पसार झाला. हातरेस त्यानेच बसवली होती. बापूरावांना फक्त हुकूम सोडता येत होते.

त्यांनी मूठ शोधली. मूठ नव्हती! त्यांनी चावी उपटून काढली. इंजिन तसंच! डिझेलची गाडी चावी काढून बंद होत नाही, हे ड्रायव्हरला चोर म्हणणाऱ्या या साहेबांना माहीत नव्हतं. मग त्यांनी बॉनेटवर चापट्या मारल्या.

तट्ट्यामागे लालसूने तोंडात गमछा कोंबला होता.

"माझी गिरणी कोण चालवून राह्यलं?" म्हणत मुखरूभाऊ धावत आले. मागून श्रीहरीभाऊ, सोमाजी आणि सगळा बाजार! बापूरावांचं भान सुटलं होतं. आपण कुठे उभे आहोत, हेही ते विसरले.

"सोमाजी! अरे सोमाजीभाऊ, धाव! बंद कर हे!"

सोमाजींनी गोदामाभर नजर फिरवली. उचललेलं चाक, आरा, फळ्या. मग हिरव्या फितीवर ती थांबली. त्यांनी इंजिन बंद करायची स्टॉपची वायर धरली, पण ओढली नाही.

"बंद कर ना!" बापूराव रडकुंडीला आले.

"थांबा, साहेब. आधी श्रीहरीभाऊंना मीटर पाहू द्या."

श्रीहरीभाऊंनी आत डोकं घातलं. गाडी दगड लावून जागेवर उभी होती आणि मीटर धावत होतं. मग सोमाजींनी वायर ओढली. एकदम शांतता झाली.

"हे... हे सोमाजीनंच बसवलं असंल," बापूराव चाचरले.

कमळा पुढे झाली. तिने मूठ त्यांच्या पुढ्यात धरली. "ही तुमच्या खणाची आहे. सुतळी सोडा अन् लावून पाहा, मॅनेजरसाहेब!"

लावून पाहायची गरजच पडली नाही. ती मूठ ओसरीवरच्या प्रत्येकाने हजारदा पाहिली होती. पाहिली होती, एवढंच!

संध्याकाळीच बैठक झाली. बापूरावांचं कपाट सील झालं, पोलिसांना निरोप गेला. श्रीहरीभाऊ सोमाजींपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलो, भाऊ. आम्ही आंधळे झालो होतो." मग मुलांकडे वळले. "शाबास पोरांनो! तुमच्यासारखी हुशार पोरं..."

"हुशार काऊन?" कमळा म्हणाली. "मागच्या गोदामात जाऊन पाहाचं होतं फक्त. तुमच्या घरून तर ते जवळ पडते."

 मुखरूभाऊ मोठ्याने हसले आणि तिघांना बाजारातले जिलेबीचे पुडे दिले. बुधूने लालसूच्या पुड्यावरही हात मारला.

सकाळी बाबांनी अंगणात सायकल उलटी करून वायर परत बसवली. फीत सैल झाली होती. ती त्यांनी हळूहळू, एकावर एक वेढे देत घट्ट गुंडाळली.

"जा, पाळीवरून फिरवून आण बरं. ब्रेक लागते का पाह्य."

कमळाने पायडलवर पाय ठेवला.

"अन् एक," बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. "तुझी आई त्या उतारावर ब्रेक कधीच नव्हती दाबत."