डावऱ्या हाताचे टाके

मी बियाणं तपासतो. ओल्या वाळूत शंभर दाणे मांडायचे, आठवड्याने कोंब मोजायचे, किडका दाणा भिंगातून शोधायचा, एवढंच माझं काम. सांगायचं कारण इतकंच की मी दिसलं ते लिहितो आहे, पदरचं काही घालत नाही.

१९७४ च्या हिवाळ्यात जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे, पत्र्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. संपत जिनिंगमध्ये रात्रपाळीला, तातेराव एसटी डेपोत मेकॅनिक आणि मी, देवानंद. खोली संपतच्या नावावर होती. त्याआधी मी सात ठिकाणी जागा विचारली होती. लोक आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि मग खोली नेमकी कालच गेलेली असे.

इथे पहिल्याच दिवशी संपतनं माझा तांब्या उचलला आणि तोंड लावून घटाघटा पाणी प्यायला. मला भरून आलं. त्या एका तांब्यापायी पुढे वर्षभर माझी जीभ उचलली नाही.

मग तुझं-माझं उरलंच नाही. माझ्या टॉवेलला तातेराव हाताचं ग्रीस पुसे. माझा साबण नळावर पाण्यात पडून विरघळे. कधी चुकून तोंड उघडलंच तर संपत हसत म्हणे, "एका खोलीत राह्यचं अन् तुझं-माझं करायचं व्हय रे देवा?" माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

बाकी सगळं गेलं तरी चाललं असतं. जीव अडकला होता तो वाकळीत. हसनाबादहून निघताना आईनं ती माझ्या हातात दिली होती. तिच्याच जुन्या लुगड्यांचे थर, वर हाताची शिवण. माझी आई गिरिजाबाई डावरी. गावातल्या इतर बायकांचे टाके जिकडे कलतात, त्याच्या बरोबर उलट तिचे कलतात. वडील गेल्यावर ती एकटी होती, आणि तिच्याजवळचं माझ्याकडे एवढंच होतं.

मी कामावर गेलो की संपत दिवसभर ती पांघरून झोपे. मी ती पेटीत ठेवली. त्यानं पेटीतून काढली. मी कुलूप आणलं. तातेरावनं पान्यानं कडी खोलली, वाकळ काढून संपतला दिली आणि कडी पुन्हा नीट बसवून ठेवली. "कुलूप कशाला रे? आम्ही काय चोर हाव का?" तो खरोखरच दुखावला होता. मीच ओशाळलो.

डिसेंबरात संपतच्या बिडीनं वाकळीला भोक पडलं, रुपयाएवढं. रविवारी शिवू म्हणून मी ते तसंच ठेवलं. रविवारी पाहतो तर भोक नाही. तिथे हिरव्या लुगड्याचं ठिगळ होतं, बारीक शिवलेलं. भिंग आणून पाहिलं. टाके उलटे कललेले.

"आई आल्ती का?" मी विचारलं.

"कोणी न्हाई आलं," संपत म्हणाला. "मी तर इथंच झोपून राह्यलो होतो."

ठिगळ जुनंच असेल, आपण विसरलो असू, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग पेटीच्या पत्र्यात अडकून एक कोपरा फाटला. या वेळी मी तारीख आणि फाटलेली लांबी वहीत लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी कोपरा शिवलेला होता. जानेवारीत तिसऱ्यांदा तसंच झालं. तेव्हा मी वही बंद केली, वाकळ काखेत मारली आणि हसनाबादची गाडी धरली.

आई ओट्यावर बसली होती. महिन्याभरात अर्धी झालेली. हिरव्या लुगड्याचा पदर खांद्यावर पुरत नव्हता.

"उंदीर लागले हिच्या लुगड्याला," शेजारच्या कौसल्याकाकू म्हणाल्या. "अन् दुपारी डोळा लागला की हात चालत राह्यतो हिचा. उठली की अंगात जीव न्हाई."

"आई, तू वाकळ शिवली का गं?"

"मी? बाबा, मला सुईचं नेढं दिसत न्हाई आता."

मी तिचा डावा हात हातात घेतला. बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती. मला रडू आलं. ती मात्र वाकळीवरून हात फिरवत होती, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

वाकळ मी तिच्याजवळच ठेवली. कुणाला देऊ नको, मला पाठवू नको, असं तीनदा बजावलं. ती मान हलवत राहिली. पण आईच ती.

दहाव्या दिवशी कामावरून आलो, तर खोलीत करपल्याचा वास होता. गावचं कुणीतरी दुपारी येऊन वाकळ देऊन गेलं होतं. 'लेकरू थंडीत उघडं झोपल' असा निरोप होता. संपतनं ती दुहेरी करून जमिनीवर अंथरली होती आणि तिच्यावर सदऱ्याला कोळशाची इस्त्री करत होता.

"दोन मिनिटं चहाला गेल्तो रे," तो म्हणाला. "जराशी जळली."

दोन्ही तळहात मावतील एवढं भोक होतं.

हसनाबादची शेवटची गाडी पाचला गेलेली. आईच्या आधी आपणच शिवायचं, एवढंच मला सुचलं. माझी सुईदोऱ्याची पुडी शोधली. ती तातेरावनं डेपोत नेली होती. दुकानाकडे धावलो, सुई आणली, माझा सदरा फाडून ठिगळ कापलं आणि शिवायला बसलो.

जळलेलं कापड दोरा धरीना. टाका घातला की कडा भुगा होऊन पडत. भोक वाढत चाललं.

मी पुन्हा शिवलं. पुन्हा.

"आई, झोपू नको," मी मोठ्यानं म्हणालो. कामावर निघालेला संपत दारातून वळून बघत राहिला.

वाकळ मांडीवर घट्ट धरून मी भिंतीला टेकलो. डोळा कधी लागला, कळलं नाही.

उजाडल्यावर कुणीतरी वाकळ ओढत होतं. संपत पाळीवरून आला होता.

"शिवलीस की बराबर! आण मंग इकडं, जरा पडतो."

मी खाली पाहिलं.

माझं ठिगळ उसवून, घडी करून, बाजूला ठेवलेलं होतं.

भोकावर हिरवं लुगडं होतं. तीन बाजू पक्क्या झाल्या होत्या. टाके उलटे कललेले.

चौथी बाजू अर्ध्यावर थांबली होती. तिथे सुई लोंबत होती. माझी नव्हे, जुनी, गंजलेली.

सुईत वीतभर दोरा अजून शिल्लक होता.